दिवस भरल्यानंतरचे दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत एखादा मोठा विषय घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र आज अगदी घरातला विषय घेणार आहे. पोटुशी बाईचे दिवस भरतात, डॉक्टरांनी सांगितलेली तारीख उलटून जाते, आणि कळांचा पत्ता नसतो. त्या आठ-पंधरा दिवसांविषयी मी बोलणार आहे. डोहाळजेवणाविषयी आपण पुष्कळ बोलतो, बारशाविषयीही बोलतो. या मधल्या दिवसांविषयी कोणी बोलत नाही.

आपल्या घरांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते, "मूल काय, व्हायचे तेव्हा होते." हे वाक्य निम्मे खरे आहे. त्या निम्म्या सत्याने घाबरलेल्या मुलीला धीर येतो, म्हणून ते जरूर सांगावे. परंतु उरलेले निम्मे न सांगितल्यामुळे कित्येक घरांत पाळणा रिकामा राहिला आहे. तेव्हा आज दोन्ही निम्मे आपल्यापुढे ठेवावेत असे मी ठरविले आहे.

प्रथम त्या मुलीची अवस्था पाहा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. जुन्या लुगड्यांची दुपटी धुऊन, उन्हात घालून, घडी करून झाली आहेत. तारीख काल गेली. सकाळी सासरहून फोन आला, "काय, काही विशेष?" दुपारी शेजारच्या काकू डोकावल्या, "अगं बाई, अजून तू आहेसच का?" संध्याकाळी दळण घेऊन जाताना आणखी कोणी विचारले. प्रत्येकीने मायेनेच विचारले यात शंका नाही. परंतु दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न ऐकून त्या मुलीला वाटू लागते की आपलेच काही चुकले. रात्री या कुशीवर झोप नाही, त्या कुशीवर झोप नाही. पोटात थोडे दुखले की उठून बसते, दुखणे थांबले की रडते.

ही काळजी आजची नाही. महाभारताच्या आदिपर्वातली गांधारीची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिने गर्भ दोन वर्षे वाहिला असे व्यासांनी लिहिले आहे. दोन वर्षे हे पुराणाचे माप झाले, ते सोडून द्या. पण पुढची गोष्ट मला फार खरी वाटते. इतके दिवस गांधारीने धीर धरला होता. तिचा धीर सुटला तो कुंतीला मुलगा झाल्याची बातमी कानावर आली तेव्हा. जावेला मूल झाले आणि आपण अजून तशाच, या दुःखाने तिने आपल्याच पोटावर आघात करून घेतला, असे कथा सांगते. म्हणजे तिला पोटातल्या ओझ्याने हरवले नाही, तुलनेने हरवले. आपल्या आळीत आज अशी तुलना होत नाही काय? "तिची तारीख तुझ्या मागची होती, ती तर मोकळी झाली," असे आपण सहज बोलून जातो.

आता ही तारीख येते कोठून ते पाहू. पुष्कळशी काळजी या तारखेच्या गैरसमजातून निघते.

आपल्या आज्या "नऊ महिने नऊ दिवस" म्हणत. डॉक्टर २८० दिवस म्हणतात, म्हणजे ४० आठवडे. हे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. जर्मनीत हायडेलबर्ग येथे फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) नावाचे प्राध्यापक होते, त्यांच्या नावाने हा हिशेब जगभर चालतो. हिशेब सोपा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. समजा, १४ जानेवारीला पाळी आली. तर तारीख निघते २१ ऑक्टोबर. आपल्या आज्यांचे नऊ दिवस आणि नेगेलेसाहेबांचे सात दिवस, फरक दोनच दिवसांचा आहे, हे ऐकून मला नेहमी गंमत वाटते.

पण यात एक खाच आहे, ती आपल्या पंचांगाची. पुष्कळ बायका अजूनही तिथीने आणि मराठी महिन्याने लक्षात ठेवतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो. चैत्र शुद्ध पंचमीला पाळी आली, तर पौष शुद्ध पंचमीला नऊ मराठी महिने होतात. दिवस मोजले तर ते २६६ भरतात, म्हणजे ३८ आठवडेच. घरचे म्हणतात दिवस भरले, आणि आणखी दोन आठवडे गेले की म्हणतात फार दिवस गेले. प्रत्यक्षात तेव्हा कुठे ४० आठवडे झालेले असतात! आता उलट बाजू पाहा. मध्ये अधिक मास आला तर? २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी चैत्र ते पौष असे महिन्यांच्या नावांवर बोटे मोजणाऱ्या बाईचे नऊ महिने म्हणजे जवळजवळ २९५ दिवस, म्हणजे ४२ आठवडे झाले. घरचे म्हणणार, आत्ता कुठे दिवस भरले; आणि बाळाची वेळ तर केव्हाच टळून गेलेली! २०२६ च्या अधिक ज्येष्ठालाही हाच हिशेब लागू पडतो. सण, व्रते आणि एकादश्या पंचांगावरून पाहाव्यात. पोटातल्या बाळाचे दिवस मात्र भिंतीवरच्या इंग्रजी तारखांनीच मोजावेत.

आपल्या आज्या तारीख कशी लक्षात ठेवत, ठाऊक आहे ना? "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बाजूला बसले होते," किंवा "पोळ्याच्या दिवशी मला शिवायचे नव्हते." ती आठवण पक्की असे. आता बाजूला बसणे गेले, ते गेले हे बरेच झाले. पण त्याच्याबरोबर तारीख लक्षात ठेवण्याची खूणही गेली. दवाखान्यात "शेवटची पाळी कधी आली होती?" असे विचारले की पुष्कळ मुली आईच्या तोंडाकडे पाहतात. आई म्हणते, "लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी असेल." एवढ्यावर कोणता डॉक्टर काय हिशेब करणार? शिवाय काहींची पाळी मुळात नियमित नसते. काहींना पहिले मूल अंगावर पीत असताना, पाळी परत सुरू होण्यापूर्वीच दिवस जातात. अशांच्या बाबतीत तारीख चुकण्याचा संभव फार.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातला गर्भ ध्वनिलहरींनी पाहता येतो हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे त्याच शहरात १९७३ साली ह्यू रॉबिन्सन यांनी दाखविले की पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली तर त्याचे वय काही दिवसांच्या फरकाने बरोबर सांगता येते. याचे कारण असे की त्या काळात सगळी बाळे जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. पुढे कोणी अंगाने भरते, कोणी किरकोळ राहते. म्हणून नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख दोन-तीन आठवड्यांनी इकडची तिकडे होऊ शकते.

हे नीट ध्यानात घ्या. मुली माझ्यापुढे तीन रिपोर्ट ठेवतात आणि म्हणतात, "मावशी, प्रत्येकावर तारीख वेगळी आहे, खरी कोणती?" उत्तर एकच, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने जी ठरली ती. नंतरची सोनोग्राफी बाळाची वाढ, पाणी आणि वार पाहण्यासाठी असते, तारीख बदलण्यासाठी नव्हे. म्हणून पहिला रिपोर्ट माता-बाल संरक्षण कार्डात जपून ठेवावा. तो हरवला तर शेवटी सगळ्यांनाच अंदाजाने चालावे लागते.

बरे, तारीख अचूक काढली, तरी बाळ त्या दिवशी येते का? शंभरात चार-पाचच बाळे नेमक्या तारखेला जन्मतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली १२५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी गर्भ कोणत्या दिवशी राहिला हे लघवीतल्या संप्रेरकांवरून निश्चित केले होते. तरीसुद्धा, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वगळल्यावरही, सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त दिवस घेणाऱ्या स्त्रियांत ३७ दिवसांचे अंतर पडले. म्हणजे पाच आठवड्यांहून अधिक! झाडावरचे सगळे आंबे एकाच दिवशी पिकत नाहीत, तसेच हे आहे. पहिलटकरणीला थोडे जास्त दिवस लागणे नेहमीचे आहे. जिचे पहिले बाळंतपण लांबले तिचे दुसरेही लांबण्याचा संभव असतो.

तेव्हा ते वाक्य येथपर्यंत खरे आहे. तारीख उलटली म्हणून दुसऱ्याच दिवशी घाबरून जाऊ नये. तुमचे काही चुकलेले नसते. तुम्ही कमी चाललात, जास्त निजलात किंवा ग्रहणात सुरी धरलीत म्हणून बाळ थांबलेले नसते. तारीख हा अंदाज आहे, करार नव्हे.

आता उरलेले निम्मे ऐका. अंदाज असला तरी त्याला शेवट आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हा शेवट ठाऊक होता. चरकसंहितेत नववा महिना लागल्यापासून दहाव्यापर्यंत प्रसूतीचा काळ सांगितला आहे, आणि त्यापुढे गर्भ पोटात राहणे हे विकाराचे लक्षण मानले आहे. सुश्रुताने मर्यादा बाराव्या महिन्यापर्यंत सैल ठेवली, परंतु मर्यादा आहे हे त्यालाही मान्य होते. आजचे शास्त्र अधिक नेमके बोलते. ४२ आठवडे, म्हणजे २९४ दिवस पूर्ण झाले की त्या गर्भारपणास दिवस टळलेले म्हणतात. मघाच्या आपल्या उदाहरणात २१ ऑक्टोबरला ४० आठवडे, २८ ऑक्टोबरला ४१ आणि ४ नोव्हेंबरला ४२ आठवडे भरतात.

या दिवसांत पोटात काय होते? बाळाला अन्न आणि प्राणवायू पोहोचविणारी वार ही काही कायमची रचना नव्हे. नऊ-दहा महिन्यांच्या कामासाठी ती घडलेली असते. पुढे काहींच्या वारेचे काम मंदावते. बाळाभोवतीचे पाणी कमी होऊ लागते. पाणी कमी झाले की नाळ दबण्याचा संभव वाढतो. बाळ आतच शी करते आणि ते घाण पाणी जन्माच्या वेळी त्याच्या छातीत जाऊ शकते. शिवाय बाळ मोठे झाले तर अडण्याची भीती असते. बहुतेक बाळे यातून सुखरूप बाहेर येतात. परंतु ज्याच्या बाबतीत हे घडते त्याला बोलून सांगता येत नाही.

स्वीडनमध्ये एक मोठा अभ्यास झाला. त्यात २७०० हून अधिक निरोगी स्त्रिया होत्या. अर्ध्या स्त्रियांना ४१ आठवडे भरताच औषधाने कळा आणल्या, अर्ध्यांना ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहू दिली. २०१८ साली हा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली होती, दुसऱ्या गटात एकही नाही. स्वीडनसारख्या देशात, चांगल्या इस्पितळांत, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलेले असताना! सुमारे चौदाशे स्त्रियांमागे सहा, हा आकडा घाबरून जाण्याइतका मोठा नाही, पण ज्या सहा घरांत ते घडले त्यांच्यासाठी तो लहानही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात. आणि सर्व ठीक असेल तर त्यापूर्वी उगीच घाई करू नये. "निश्चितपणे" हा शब्द लक्षात ठेवा. तो त्या भिंतीवरच्या तारखेकडेच बोट दाखवितो. तारीख लिहिलेली नसेल तर ४१ आठवडे झाले हे निश्चितपणे कोण सांगणार?

कळा आणायच्या म्हटल्या की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, "हे सगळे पैसे काढण्याचे धंदे, अजून आठ दिवस थांबा." दुसरे म्हणतात, "कशाला थांबायचे, अमुक तारखेला मुहूर्त चांगला आहे, पोट फाडूनच काढा." दोघेही बाळाला विचारत नाहीत. मुहूर्तासाठी दिवस भरण्यापूर्वी बाळ काढले तर त्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो. आणि केवळ अविश्वासापोटी थांबलो तर मघा सांगितले ते ओढवू शकते. डॉक्टरांवर विश्वास बसत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे, सरकारी इस्पितळात जाऊन विचारावे. पण विचारणेच टाळू नये.

"कळा आणल्या की सिझेरियन ठरलेलेच," अशीही समजूत आहे. स्वीडनच्या त्या अभ्यासात दोन्ही गटांत सिझेरियनचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. कळा कशा आणतात हेही मुलींना सांगावे, म्हणजे भीती कमी होते. कधी तपासताना पिशवीचा पडदा बोटाने थोडा सैल करतात, कधी गर्भाशयाचे तोंड मऊ करण्यासाठी औषध किंवा जेल देतात, कधी लहान फुग्याची नळी ठेवतात, कधी सलाइनमधून औषध देतात.

आणि येथे आपल्या नागपूरची एक अभिमानाची गोष्ट सांगते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण नुसते मेडिकल म्हणतो, आणि डागा स्त्री रुग्णालय या दोन ठिकाणी २०१३ ते २०१५ या काळात ६०२ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्या रक्तदाब वाढलेल्या गर्भवती होत्या, म्हणून त्यांच्यात कळा आणणे भाग होते. फुग्याची नळी बरी की तोंडाने घ्यायची थोड्या मात्रेची गोळी बरी, हे तपासायचे होते. गोळी घेतलेल्यांपैकी शंभरात ५७ स्त्रिया २४ तासांच्या आत नैसर्गिक रीतीने मोकळ्या झाल्या, नळीच्या गटात ४७. हा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. आपल्यासारख्याच सावनेर-रामटेककडच्या साध्या बायका जिथे बाळंतपणाला येतात, अशा इस्पितळांतले काम आज जगातले डॉक्टर वाचतात. तेव्हा सरकारी इस्पितळ म्हटले की नाक मुरडू नये.

मात्र कळा आणणे हे इस्पितळाचे काम आहे, घराचे नव्हे, हे मी हात जोडून सांगते. कळांचे जे औषध सलाइनमधून देतात, ते ऑक्सिटोसिन अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते अमृत आहे, पण थेंबाथेंबाने मोजून देण्याचे अमृत आहे. कोणी घरी येऊन "एक सुई देतो, लगेच मोकळी होईल" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा सुईने गर्भाशय फाटू शकते. आई आणि मूल दोघांचाही घात होतो. एरंडेल पाजणे, कसलेकसले काढे देणे हेही करू नये. एरंडेलाने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, अंगातले पाणी जाते, आणि ऐन कळांच्या वेळी त्या बिचारीच्या अंगात त्राण उरत नाही.

मग घरी करायचे काय? हातपाय गाळून बसायचे नाही आणि धावाधावही करायची नाही. बाळाकडे लक्ष ठेवायचे. जेवणानंतर डाव्या कुशीवर निवांत पडावे, पोटावर हात ठेवावा आणि बाळ फिरते कसे ते पाहावे. प्रत्येक बाळाची फिरण्याची आपली एक तऱ्हा असते, ती आईला बरोबर ठाऊक असते. "बाळंतपण जवळ आले की बाळ शांत होते," असे जे म्हणतात ते खरे मानू नका. जागा अपुरी पडल्याने हालचालीची तऱ्हा थोडी बदलेल, पण हालचाल कमी होता कामा नये. ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो, पाऊस असो, सणाचा स्वयंपाक अर्धा असो, तसेच उठून दवाखान्यात जायचे. तेथे बाळाचे ठोके तपासून सर्व ठीक निघाले आणि घरी पाठविले, तर खेप वाया गेली म्हणू नये. त्या खेपेने खात्री आणली.

तसेच अंगावरून पाणी जाणे, विशेषतः हिरवट किंवा मळकट पाणी, रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर एकाएकी सूज, ताप किंवा झटका, यांपैकी काहीही झाले तर तारखेचा विचारच करायचा नाही, तत्काळ निघायचे.

निघायचे कसे, हे आपल्या कन्हानच्या बाबतीत आधीच ठरविले पाहिजे. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, नदी ओलांडली की कामठी आहे, पुढे सुमारे वीस किलोमीटरवर नागपूर. अंतर फार नाही. पण मधला पूल, जबलपूर रस्त्यावरची ट्रकची वर्दळ, मध्यरात्रीची वेळ, आणि घरचा कर्ता पुरुष खाणीवर रात्रपाळीला गेलेला, हे सगळे एकत्र आले की तेच अंतर मोठे होते. म्हणून नववा लागताच तीन गोष्टी ठरवून ठेवा. कोणत्या दवाखान्यात जायचे, कोणत्या वाहनाने जायचे आणि सोबत कोण जाणार. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या सासूबाईंनाही, पाठ असावेत. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी इस्पितळातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, विनामूल्य आहे. २०१६ पासूनच्या सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. आपली आशाताई हे सगळे सांगते. तिचे नीट ऐकून घ्यावे आणि तिला एक पेला पाणी द्यावे, ती उन्हातून आलेली असते.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जिथे पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच राहत नाही, तिथे सरकारने आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' नावाची खोली केली आहे. बाळंतपणापूर्वी काही दिवस बाई तिथे येऊन राहते, सोबत एखादे माणूसही राहते. कळा सुरू झाल्या की दवाखाना दाराशीच. नाव किती योग्य ठेवले आहे पाहा. वाट पाहायची तर माहेरात पाहावी, आणि ते माहेर दवाखान्याजवळ असावे. आपल्याला नदीनाले आडवे येत नाहीत, पण ते मर्म आपणही घेण्यासारखे आहे. ४० आठवडे उलटल्यानंतर मुलीला दूरच्या खेड्यात, लग्नकार्याला किंवा देवदर्शनाला नेऊ नये.

शेवटी, भगिनींनो, मंडळाकडे माझे तीन मागणे आहे.

पहिले असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. डबी, चमचा, वाटी, सगळ्यांच्या घरी ढीग झाला आहे. एका वर्षी वाण म्हणून प्रत्येक नव्या सुनेला भिंतीवरची दिनदर्शिका आणि दोरीने बांधलेली पेन्सिल द्या. पाळीच्या पहिल्या दिवशी त्या तारखेला बारीकशी फुली करायची, एवढेच तिला सांगा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुधाच्या हिशेबाची फुली आपण करतोच ना? त्या एका फुलीवर पुढे डॉक्टरांचा सगळा निर्णय उभा राहतो.

दुसरे असे. ज्या घरी दिवस भरलेली मुलगी आहे त्या घरी जाताना "अजून नाही का?" हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवून जा. त्याऐवजी विचारा, "बाळ आज नीट फिरतेय ना?" प्रश्न एवढासाच आहे, पण पहिल्याने मुलगी खचते आणि दुसऱ्याने सावध राहते. आणि नुसते विचारायलाच जाऊ नका. वाटीभर भाजी न्या, तिच्या थोरल्या मुलाला दोन तास आपल्याकडे आणा, तिच्या आईला दुपारची एक डुलकी घेऊ द्या.

तिसरे असे. प्रत्येक आळीत आपल्या दोन सभासदांनी ठरवून घ्यावे की रात्री-अपरात्री हाक आली तर आम्ही सोबत जाऊ. घरी पुरुष नाही म्हणून कन्हानातली एकही बाई सकाळपर्यंत थांबली, असे पुढच्या वर्षी आपल्या कानावर येऊ नये. मंडळाच्या अहवालात किती हळदीकुंकू झाले, किती सहली झाल्या, याचे आकडे असतात. ते असावेत. त्यांच्या शेजारी आपण किती जणींच्या सोबत गेलो हा आकडाही छापला गेला, तर मंडळाचा वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे मी समजेन.

मोजून वाट पाहावी, लक्ष ठेवून वाट पाहावी, आणि ४१ आठवडे भरले की घरी वाट पाहणे थांबवून दवाखान्याची पायरी चढावी, एवढेच मला सांगायचे होते.  आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आज या सभेत ज्या दोघी-तिघी हळूच पोटावर हात ठेवून बसल्या आहेत त्या सुखरूप मोकळ्या होवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.